कडी

पंचावन्न रुपयांना घेतला होता,
इतवारीत, लोहाओळीत, कुलपं आणि बिजागऱ्यांच्या मधल्या डब्यातून.
बारा चाकू आडवेतिडवे पडलेले.
पैकूजी निनावेंनी त्यातले अकरा बाजूला सारले.

प्रत्येकाचं पातं उघडायचं,
मुठीच्या मानेवरची कडी फिरवायची,
आणि पात्याची पाठ दुकानाच्या लाकडी फळीवर
ठोकायची, आधी हळू, मग जरा रागाने.
"बोट देऊन नको पाहू बे. लाकूड दे तिले."
त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी
पहिल्या पेराशीच संपायची.
मी टेलिफोन खात्यात नवा. विचारलं नाही.

तर ही कडी.
पत्र्याची पट्टी वाकवून गोल केलेली, एके जागी फट.
फट पात्यासमोर असली की पातं ये-जा करतं,
फट बाजूला फिरवली
की पात्याच्या टाचेला मागे यायला वाटच उरत नाही.
स्प्रिंग नाही, बटण नाही, आत लपलेलं काहीच नाही.
बिघडली तर कुठे बिघडली ते दिसतं.
ज्याने पहिल्यांदा केली असेल
त्याला घरी जाऊन
पाचही बोटांनी कालवून जेवायचं असणार.

मे महिन्यात रामदासपेठेतल्या खड्ड्यात
वर शेहेचाळीस अंश, खाली बाराशे जोड्यांची केबल,
आणि मुठीचं लाकूड आकसलेलं.
कडी म्हाताऱ्याच्या अंगठीसारखी फिरायची.
पकडीने थोडी आवळली, झालं.
श्रावणात उलटं. लाकूड फुगून पातं आतच रुसून बसायचं,
मग मुठीचं बूड दगडावर आपटायचं
की पात्याचं नाक हळूच वर.
संत्र्यांच्या दिवसांत मात्र नेमकी बसायची.
(संत्रं चाकूने सोलणारा माणूस बाहेरगावचा समजावा,
आम्ही फक्त पेटीची सुतळी कापायचो.)

एकदा मी कडी फिरवायची विसरलो.
शिशाच्या वेष्टणात पातं अडकलं, मी रेटलं,
ते मिटलं, आणि मधे माझी करंगळी होती.
फार नाही. तीन टाके.
पैकूजींनी रुमाल बांधता बांधता विचारलं,
"तिनं फसवलं काय तुले?
तू तिले सांगतलंच नाही."
मग आपल्या अर्ध्या बोटाकडे बघून म्हणाले,
"माहा चाकू तं बटनवाला होता. लय महाग.
म्या त्याच्यावरच सोडून देल्लं होतं."
एवढंच. पुन्हा तो विषय नाही.

पुढे तारा गेल्या, काचेचे धागे आले,
खड्डे बुजले, आम्हीही लवकर घरी आलो.
भाच्याने परवा त्याचा चाकू दाखवला, नऊ हजारांचा.
अंगठ्याने ढकलला की टक्, एका हाताने टक्.
खोटं कशाला बोलू, मला आवडला.
मी चार वेळा उघडला, चार वेळा मिटला.
तरी दर वेळी माझा डावा हात
मुठीच्या मानेशी जाऊन
काहीतरी शोधत होता.

मेडिकलच्या सतरा नंबर वॉर्डात
पैकूजी डोळे मिटून पडलेले.
डोळ्यांत आता तसंही फारसं राहिलं नव्हतं.
मी पेरू नेला होता, कागदात मीठ-तिखट.
खिशातून चाकू काढला, पातं उघडलं.
ते ओळखून हसले नाहीत, काही बोलले नाहीत,
पेरू नको असं वाटलं मला.
बाजूच्या खाटेवर कुणी खोकत होतं,
पंखा कुरकुरत होता,
आणि ते कान देऊन होते.

मी कडी फिरवली.
लाकडावर पत्रा घासल्याचा तो बारीक खर्र.

"हं," ते म्हणाले. "आता काप."